फोंड्याच्या मेजावरचे माड, पोफळी आणि वड: छोट्या मापाच्या वॉरगेमसाठी झाडे कशी करावीत आणि कशी निवडावीत

1683 च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने गोव्यातल्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने तो उठवला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. ही मोहीम 6 मिलिमीटर उंचीच्या छोट्या सैनिकांनिशी मेजावर वॉरगेम, म्हणजे लढाईचा खेळ, म्हणून मांडायची असे आम्ही ठरवले, तेव्हा सैनिक, तोफा आणि तटबंदी यांची तयारी दोन-तीन महिन्यांत झाली. झाडांना मात्र त्याहून कितीतरी अधिक वेळ गेला. बाजारात मिळणारी तयार झाडे बहुतेक करून आगगाडीच्या मॉडेलसाठी बनवलेली असतात आणि त्यांत सूचिपर्णी वृक्षांचा व गोल डोक्याच्या युरोपीय झाडांचाच भरणा असतो. ती मांडली की तट कितीही चोख रंगवलेला असला तरी मेजावर फोंडा उभा राहत नाही. आपल्याकडची लढाई खेळायची असेल तर आपल्याकडची झाडे लागतात, आणि ती फार थोड्या खर्चात, खराटा, काथ्या, विजेची तार आणि गादीचा स्पंज यांतून घरीच करता येतात.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करावी. छोट्या मापाच्या मेजावर झाड पानांवरून ओळखले जात नाही, ते आकारावरून ओळखले जाते. खेळाडू मेजाच्या कडेला उभा असतो, त्याची नजर वरून आणि हातभर अंतरावरून पडते. त्या अंतरावरून आंब्याचे पान आणि फणसाचे पान यांत काही फरक उरत नाही; पण माडाचा वाकलेला बुंधा, पोफळीची सरळ काठी आणि वडाचा आडवा पसारा हे तिन्ही क्षणात कळतात. म्हणून कोणतेही झाड करायला घेण्यापूर्वी त्याची बाह्यरेषा कागदावर प्रत्यक्ष मापात काढावी, ती भिंतीला टेकवून दोन हात मागे जावे आणि न सांगता दुसऱ्या कोणाला ते झाड ओळखता येते का ते पाहावे. ओळखता आले नाही तर तपशील वाढवून उपयोग नाही. रेषाच बदलावी लागते.

माप आणि उंची

6 मिलिमीटरचे सैनिक साधारण 1:300 या प्रमाणात येतात, 10 मिलिमीटरचे 1:150 च्या आसपास आणि 15 मिलिमीटरचे 1:100 च्या जवळ. 20 मीटर उंचीचा माड या हिशेबाने अनुक्रमे सुमारे 67 मिलिमीटर, 133 मिलिमीटर आणि 20 सेंटिमीटर होतो. परंतु हा हिशेब जसाच्या तसा पाळला तर खेळ अडतो, कारण मेजावरच्या जमिनीचे माप सैनिकांच्या मापापेक्षा नेहमीच फार आखडलेले असते. जिथे एका सेंटिमीटरात दहा-पंधरा मीटर जमीन मावते तिथे खऱ्या उंचीची झाडे गावाला आणि किल्ल्याला झाकून टाकतात, शिवाय त्यांच्यामधून हात घालून पथके हलवताना ती आडवी होतात. मी उंची चौथाई ते एक तृतीयांश कमी करतो, मात्र झाडाझाडांतले प्रमाण मोडत नाही. 1:300 साठी माझी मापे अशी ठरली आहेत: माड 45 ते 55 मिलिमीटर, पोफळ 35 ते 42, आंबा आणि फणस 35 ते 40 उंच व तेवढेच रुंद, वड 40 उंच पण 65 ते 75 रुंद, काजू 18 ते 20 आणि केळ 10 मिलिमीटर. सगळे माड एकाच उंचीचे करू नयेत. भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, उभे राहून पाहिले तर जुना माड आणि शेजारचा कवाथा (कोवळा माड) यांत दुपटी-तिपटीचे अंतर असते, आणि तेच अंतर मेजावर जिवंतपणा आणते.

काळाचाही विचार करावा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ही दोन्ही झाडे 1683 च्या गोव्यात नव्हती, त्यामुळे लाल फुलांचे झाड कितीही सुंदर वठले तरी ते या मेजावर ठेवता येत नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून 16 व्या शतकात आणला, तेव्हा तो चुकीचा ठरत नाही. पण आज टेकड्यांवर दिसते तशी सलग काजूंची रांग मी मांडत नाही, घरांजवळ एक-दोन झाडे ठेवतो.

हिराचा माड

माडाचा बुंधा करण्यासाठी माडाच्याच झावळीतला हीर वापरावा. खराट्यातला एक हीर हातात घेऊन पाहा: एका टोकाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड, दुसऱ्या टोकाला केसासारखा बारीक, मधे कुठेही खंड न पडता निमुळता होत गेलेला. खऱ्या माडाचा बुंधा साधारण 30 सेंटिमीटर जाड असतो, म्हणजे 1:300 मध्ये एक मिलिमीटर. हे माप, हा निमुळतेपणा आणि हा तपकिरी रंग कोणत्याही दुकानातली प्लास्टिकची काडी देत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक खराटा घेतला तर त्यात कित्येक मेजांची भाटे निघतात. नवा, पूर्ण न वाळलेला हीर वापरू नये. तो वाळताना पिळतो आणि वर लावलेला रंग सोडतो.

हीर जाड टोकाकडून 60 ते 65 मिलिमीटर कापावा. खालचे 10 मिलिमीटर बेसमध्ये, म्हणजे झाडाखालच्या तळपट्टीत, रुतवण्यासाठी राखून ठेवायचे असतात. कापलेले हीर तासभर गरम पाण्यात भिजवावेत, मग बाटलीभोवती दोऱ्याने बांधून रात्रभर वाळू द्यावेत, म्हणजे त्यांना कायमचा बाक येतो. बाक सगळ्यांना सारखा देऊ नये आणि मधोमध तर देऊच नये. माड मुळाजवळ वाकतो आणि वर गेल्यावर पुन्हा उजेडाकडे सरळ होतो, म्हणून खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच बाक असावा. नदीच्या किंवा खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या) बांधावरचे माड पाण्याकडे झुकलेले ठेवावेत. बुंध्याच्या तळाशी एम-सीलचा (मळून लावायच्या लांबीचा) ज्वारीएवढा गोळा चिकटवून बोटाने वर ओढला की माडाच्या पायथ्याचा फुगीरपणा येतो.

झावळ्यांसाठी जाड तपकिरी कागद घ्यावा आणि तो कापण्याआधीच दोन्ही बाजूंनी रंगवावा, कारण कापलेल्या झावळीला रंग लावू गेल्यास तिची पाती एकमेकांना चिकटतात. 30 मिलिमीटर लांब आणि 4 मिलिमीटर रुंद अशी पट्टी कापून तिची दोन्ही टोके निमुळती करावीत. ही एक पट्टी म्हणजे समोरासमोरच्या दोन झावळ्या. पट्टी लांबीच्या दिशेने दुमडून पुन्हा उघडावी. ही घडीच झावळीचा कणा होते आणि तिच्यामुळे कागद लवकर लोंबत नाही. मग नखे कापायच्या बारीक कात्रीने दोन्ही कडांवर तिरके काप द्यावेत, एका झावळीच्या प्रत्येक बाजूला आठ-दहा, टोकाकडे झुकलेले आणि कण्यापर्यंत न पोहोचणारे. अशा तीन पट्ट्या मध्यावर एकमेकींवर आडव्या ठेवून सुईने भोक पाडावे, त्या हिराच्या बारीक टोकात ओवाव्यात आणि फेवीक्विकचा एक थेंब द्यावा. हा सहा झावळ्यांचा खालचा थर नखाने खाली वाकवावा. त्यावर थोड्या आखूड पट्ट्यांचा दुसरा थर आडवा आणि किंचित वर उचललेला बसवावा, आणि सर्वांत वर हिराचे उरलेले दोन मिलिमीटर टोक न कापता हिरवे रंगवावे. तोच माडाचा कोवळा शेंडा. खऱ्या माडाला पंचवीस-तीस झावळ्या असतात, पण या मापात बारांच्या पुढे गेल्यास डोके गच्च गोळ्यासारखे दिसते.

नारळांसाठी मी बराच काळ मोहरी वापरली. 15 मिलिमीटरच्या मापात ती शोभते, परंतु 1:300 मध्ये मोहरीचा दाणा कलिंगडाएवढा भासतो. खसखस मात्र नेमकी बसते. झावळ्यांच्या मुळाशी गोंदाचा ठिपका देऊन सुईच्या टोकाने चार-पाच दाणे चिकटवावेत आणि वर पातळ गोंद फिरवावा, नाहीतर मुंग्या ते शोधून काढतात.

पोफळीसाठीही हीरच, पण बारीक भागातला, अगदी सरळ आणि फिकट राखाडी-हिरव्या रंगाचा. वरच्या चार मिलिमीटरांना गडद हिरवा रंग द्यावा आणि सात-आठच आखूड झावळ्या लावाव्यात. एकेकटी पोफळ मेजावर निरर्थक दिसते. ती कुळागरातच, म्हणजे पोफळींच्या मिश्र बागेतच, शोभते, म्हणून 40 × 60 मिलिमीटरच्या एका बेसवर दहा-बारा पोफळी, मध्ये दोन-तीन माड, खाली कागदाच्या केळी आणि दोन-चार बुंध्यांवर मिरवेलीसाठी हिरव्या स्पंजाची बारीक पूड अशी मांडणी करावी, आणि मधून पाटाच्या पाण्याची एक चकचकीत रेघ ओढावी. फोंडा तालुक्यातले एखादे कुळागर आधी प्रत्यक्ष पाहून यावे: वर ऊन, खाली दाट सावली आणि मधे नुसते बुंधेच बुंधे.

तारेची झाडे

आंबा, फणस, वड यांसाठी तांब्याची तार घ्यावी. घरातल्या विजेच्या कामातून उरलेल्या केबलचे तुकडे सोलले की आत बारीक तारांचा जुडगा मिळतो. लोखंडी तार स्वस्त पडते, पण फेविकॉलमधल्या पाण्याने आणि आपल्या हवेने ती गंजते आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस डाग रंगातून वर येतात. 70 मिलिमीटर लांबीच्या सोळा तारा एकत्र धरून मधला भाग पिळावा. तो झाला बुंधा. खालची टोके पसरून मुळे करावीत. वरच्या सोळा तारांचे आधी चार-चारांचे चार गट करून प्रत्येक गट थोडा पिळावा, मग त्यांचे दोन-दोन करावेत आणि शेवटी एकेक तार मोकळी सोडावी. आंब्याच्या फांद्या लवकर फुटतात आणि वर वळतात, फणसाचा बुंधा अधिक उंच जाऊन मग डोके धरतो, वडाच्या फांद्या जवळजवळ आडव्या जातात. फेविकॉलमध्ये बारीक चाळलेला लाकडाचा भुसा कालवून तो बुंध्यावर लावला की तारेचे पीळ झाकून सालीचा पोत येतो. वडाच्या आडव्या फांद्यांवरून एकेक सुटी तार खाली सोडून बेसमध्ये रुतवावी. या पारंब्या दिसायला चांगल्या असतातच, पण एवढा रुंद पसारा तोलून धरण्याचे कामही त्याच करतात.

पर्णसंभारासाठी गादीवाल्याकडून स्पंजाचे तुकडे आणावेत. ते पाण्यासह मिक्सरमधून फिरवावेत, आणि त्या कामासाठी एक जुने भांडे कायमचे वेगळे ठेवावे, ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. चुरा पिळून त्यात पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक रंग चोळावा, वर्तमानपत्रावर पसरून खडखडीत वाळवावा आणि पिठाच्या चाळणीने जाड व बारीक असे दोन भाग करावेत. पोस्टर रंग वापरू नयेत. दमट हवेत त्यांचा रंग पुन्हा ओला होऊन बोटांना लागतो. डबीतला हिरवा रंग थेट वापरला तर झाड निळसर आणि खोटे दिसते, म्हणून त्यात पिवळी माती आणि लाल रंगाचा अगदी थोडा अंश घालावा. मी तीन छटा करून ठेवतो: आंबा-फणसासाठी काळपट हिरवी, सर्वसाधारण मधली आणि वरून भुरभुरण्यासाठी पिवळसर. माप जितके लहान, तितकी छटा फिकी ठेवावी, कारण दुरून पाहिलेले झाड कधीच जवळच्या झाडाइतके गडद दिसत नाही.

चुरा थेट तारांवर टाकला तर तो गळून पडतो. आधी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे किंवा पिंजलेल्या काथ्याचे झिरझिरीत पुंजके फांद्यांवर बसवून आकार बांधावा, त्यावर गोंद लावून आधी जाड गडद चुरा, मग मधली छटा आणि शेवटी फक्त माथ्यावर पिवळसर बारीक चुरा टाकावा. पूर्ण वाळल्यावर एक भाग गोंद, चार भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब यांचे मिश्रण फवाऱ्याने मारावे. साबणामुळे ते चुऱ्याच्या आत झिरपते. त्याशिवाय थेंब वरच थांबतात. पालवी फुटलेला आंबा हवा असेल तर माथ्यावर चिमूटभर तांबूस चुरा टाकावा.

जुव्याच्या किनाऱ्यासाठी खारफुटी लागते, आणि ती सगळ्यांत सोपी आहे. रायबंदर-चोडण फेरीतून ओहोटीच्या वेळी काठाकडे पाहावे: वर एकसारख्या उंचीची हिरवी भिंत, खाली चिखल आणि मुळांची जाळी. म्हणून एकेक झाड न करता, 15 मिलिमीटरच्या तारा खालून फाकवून त्यांची रांग लांबट बेसवर लावावी आणि वरून सलग चुरा चढवावा.

पाऊस आणि बुरशी

पहिल्या वर्षी मी जूनच्या अखेरीस काथ्याची चाळीस झाडे केली आणि ती वरून कोरडी वाटली म्हणून प्लास्टिकच्या डब्यात बंद केली. ऑगस्टमध्ये डबा उघडला तेव्हा प्रत्येक झाडावर पांढरी लव धरलेली होती आणि त्यांतले एकही वाचवता आले नाही. तेव्हापासून घरातल्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी ज्या दिवसांत होते त्याच दिवसांत, म्हणजे मेच्या उन्हात, मी हीर, काथ्या आणि घोसाळी वाळवून पातळ गोंदाचा हात देऊन ठेवतो. पावसात तारा पिळाव्यात आणि झावळ्या कापाव्यात. ओली कामे पाऊस ओसरल्यावर करावीत. पाण्याला टिकणारे फेविकॉल मरीन साध्या फेविकॉलपेक्षा येथे भरवशाचे ठरते. स्प्रेचे मॅट व्हार्निश दमट दिवशी मारल्यास झाडांवर दुधी साय येते, त्यामुळे पावसाळ्यात ब्रशने लावायचे ॲक्रिलिक मॅट व्हार्निशच वापरावे. उलट बाजूने, तयार झाडे खिडकीतल्या उन्हातही ठेवू नयेत, कारण सततच्या उन्हाने स्पंज पिवळा पडून भुगा होतो.

तयार झाडे घ्यायचीच असतील तर

सगळेच हाताने करण्याइतका वेळ प्रत्येकाकडे नसतो, आणि मागच्या टेकडीवरचे रान भरायला तयार झाडे चालतात. पाकिटावर 1:150 किंवा 1:200 असे छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. मिलिमीटरमध्ये दिलेली उंची पाहावी आणि ती आपल्या सैनिकाशेजारी कागदावर काढून ताडावी. झाड हातात आल्यावर ते उलटे धरून बुंध्यावर टिचकी मारावी. चिमूटभराहून अधिक चुरा पडला तर ते खेळात टिकणार नाही, निदान गोंदाचा फवारा मारल्याशिवाय तरी नाही. प्लास्टिकच्या तयार माडांचे बुंधे काठीसारखे ताठ असतात. ते गरम पाण्यात मिनिटभर धरून वाकवावेत. सगळ्या तयार झाडांवर, प्लास्टिकच्या माडांसकट, आपल्याच पिवळसर छटेचा हलका हात फिरवला की हाताने केलेल्या झाडांशेजारी ती उपरी वाटत नाहीत.

बेस आणि खेळ

झाड कितीही देखणे असले तरी सैन्य त्यातून जाऊ शकत नसेल तर खेळाडू ते उचलून बाजूला ठेवतात. म्हणून रानाची हद्द आणि झाडे वेगळी ठेवावीत. जाड पुठ्ठ्याचा किंवा 2 मिलिमीटर एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) वेडावाकडा तुकडा, साधारण 15 × 20 सेंटिमीटरचा, हा रानाची हद्द दाखवतो. त्यावर तीन-चार सुटे झाडांचे पुंजके ठेवावेत, आणि पथक आत शिरले की पुंजके उचलावेत, हद्द तशीच राहते. आपल्या पथकांचे बेस 40 मिलिमीटर रुंद असतील तर दोन पुंजक्यांत किमान 45 मिलिमीटर अंतर ठेवावे. प्रत्येक पुंजक्याखाली लोखंडी वॉशर चिकटवावा; वजन खाली आले की माड आडवे होत नाहीत, आणि वॉशर मातीखाली बंद राहतो म्हणून त्याला गंज लागू नये यासाठी आधी रंगाचा एक हात द्यावा. डोंगरावरच्या दाट रानासाठी आणखी एक रीत आहे: चार खिळ्यांवर 30 मिलिमीटर उंचीवर पुठ्ठ्याचे छत करून त्याला वरून सलग पर्णसंभार चढवावा आणि कडेने दहा-बारा खरी झाडे लावावीत. छत उचलले की आतले सैन्य दिसते, ठेवले की ते लपते, आणि पाचशे झाडे करण्याचे श्रम वाचतात.

बेसवर टाकायला आपली तांबडी माती आहेच. ती उन्हात वाळवून चहाच्या गाळणीने दोनदा चाळावी. गोंदात भिजली की ती काळसर होते आणि वाळल्यावरही तिचा मूळ रंग पूर्ण परतत नाही, म्हणून तिच्यावर कोरड्या ब्रशने फिकट विटकरी रंग हलकेच ओढावा. नोव्हेंबरातली लढाई असल्याने गवत हिरवे ठेवू नये. कापणीनंतरच्या पिवळ्या पेंढ्याच्या रंगाचा चुरा वापरावा, आणि फक्त कुळागराच्या बेसवर, जिथे पाटाचे पाणी फिरते, तिथेच ओलसर हिरवा रंग द्यावा.